चिंधी, कागद आणि रद्दी

लखनौचे नाव काढले म्हणजे मराठी वाचकांच्या मनासमोर १८५७ ची रेसिडेन्सी उभी राहते, नवाबी इमामबाडे उभे राहतात. आणि ज्यांना संगीताची गोडी आहे त्यांस १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज स्थापन करणाऱ्या पंडित भातखंड्यांचे स्मरण होते. ह्याच शहरात गोमतीच्या उत्तर तीरावर निशातगंज नावाचा मोहल्ला आहे. दाटीचा बाजार आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे त्याचे आजचे रूप. इतिहासग्रंथांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. परंतु ह्या मोहल्ल्यात 'पेपर मिल कॉलनी' नावाची एक वसाहत आहे. त्या नावामागील इतिहास ध्यानी घेतला, तर आपल्या घरातील केराची टोपली आणि रद्दीचा गठ्ठा ह्यांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलल्यावाचून राहणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखनौ हे उत्तर हिंदुस्थानातील छपाईचे मोठे केंद्र बनले. मुनशी नवलकिशोर (१८३६-१८९५) ह्यांनी १८५८ साली येथे छापखाना काढला, आणि उर्दू, फारसी, अरबी, हिंदी व संस्कृत ग्रंथांचा असा ओघ सुरू केला की, त्यांच्या मुद्रणालयाची गणना आशियातील मोठ्या मुद्रणालयांत होऊ लागली. एवढ्या छपाईस कागद कोठून आणावयाचा? विलायती कागद महाग, आणि हातकागद ह्या वेगास पुरा न पडणारा. ह्या गरजेतून १८७९ साली 'अप्पर इंडिया कूपर पेपर मिल्स' ही गिरणी उभी राहिली. तिच्या उभारणीत नवलकिशोर ह्यांचा पुढाकार होता. नाव मात्र दिले गेले सर जॉर्ज कूपर ह्यांचे. १८५७ च्या वेढ्यात हे गृहस्थ रेसिडेन्सीच्या आत होते, आणि १८७७ साली वायव्य प्रांत व अयोध्या ह्यांचा कारभार एकाच अधिकाऱ्याकडे आला तेव्हा तो ह्यांच्याकडे आला. गिरणी कधीच बंद पडली. उरले ते वसाहतीचे नाव.

ह्या गिरणीचा इतिहास यंत्रांपाशी सुरू होत नाही. तो लोकांच्या घरांपाशी सुरू होतो. त्या काळी हिंदुस्थानातील कागदाच्या गिरण्या ज्या मालावर चालत त्याची यादी पाहावी: फाटक्या कपड्यांच्या चिंध्या, जुनी गोणपाटे, झिजलेले दोरखंड, रद्दी कागद, आणि ह्यांच्या जोडीस मुंज व भाबर ही गवते. गवते सोडली, तर राहिलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी वापरून टाकलेली होती. नेसून विरलेले धोतर लगदा होऊन कागद बनत असे, आणि त्याच कागदावर एखादी पोथी अथवा वर्तमानपत्र छापले जाऊन ते पुन्हा घरी येत असे.

ही युक्ती गिरणीवाल्यांनी शोधिलेली नव्हती. कागदाचा जन्मच मुळी टाकाऊ वस्तूंतून झाला आहे. इसवी सन १०५ मध्ये चीनच्या दरबारातील त्साय लुन ह्याने ज्या द्रव्यांपासून कागद केला असे सांगतात, त्यांत झाडाच्या सालीबरोबर जुन्या चिंध्या आणि माशांची जुनी जाळी होती. आपल्याकडेही तीच परंपरा चालत आली. दौलताबाद-खुलदाबादच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविली, त्या वेळी कागद करणारे कारागीर दक्षिणेत आले, अशी तेथील परंपरा सांगते. दौलताबादी आणि जुन्नरी कागद ही नावे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. उत्तरेत यमुनातीरीची कालपी प्रसिद्ध. आपणांस हे गाव ठाऊक आहे ते बुंदेलखंडातील मराठी अंमलामुळे आणि १८५८ च्या रणधुमाळीतील झाशीच्या राणीमुळे. परंतु कागदाच्या इतिहासातही त्याचे स्थान आहे, आणि तेथील हातकागद आजही जालौन जिल्ह्याची ओळख मानला जातो.

पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याची हकीकत तर आपल्या विषयास अगदी जवळची आहे. तेथील कारागीर गोणपाटाऐवजी मुख्यत्वे रद्दी कागदच वापरीत. रद्दी आली की ती प्रथम रंगाप्रमाणे वेगळी करावयाची, नंतर तिचे तुकडे करून भिजवावयाचे, कुटावयाचे, नदीवर नेऊन धुवावयाचे. मग तो लगदा हौदात कालवून, चाळणीसारख्या साच्यावर पातळ थर उचलून, भिंतीवर वाळवावयाचा, खळ देऊन घोटावयाचा. ह्या क्रमातील पहिली पायरी वाचकांनी विशेष ध्यानी ठेवावी. भिजविण्यापूर्वी, कुटण्यापूर्वी, कारागिराचा हात निवडण्याकडे वळत असे. शाईने माखलेला कागद आणि कोरा कागद एकत्र कुटला, तर सगळाच लगदा काळवंडतो. मग कितीही धुतला तरी तो उजळत नाही.

पुनर्वापराच्या शास्त्राचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत साठविले आहे. वस्तू फेकण्यापूर्वी वेगळी केली, तर तिचा माल होतो. एकत्र केली, तर तिचीच घाण होते. मधला फरक केवळ निवडण्याच्या कष्टाचा.

आपल्या घरांतून हे कष्ट एके काळी अंगवळणी पडलेले होते. जुनी लुगडी गोधडीत जात, उरलेले कपडे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेई, फुटकी भांडी मोडीत घातली जात, उष्टेखरकटे गोठ्यात आणि शेण परसात जाई. रद्दी भिजत घालून, तीत मेथीचे पीठ मिसळून, घरच्या बायका तिच्या टोपल्या करीत. ह्या व्यवस्थेस आपण काटकसर म्हणतो, आणि ती काटकसर होतीच. पण त्याहून अधिक, ती एक वर्गवारी होती: घरातील कोणती वस्तू कोणाच्या हाती जावयाची, हे ठरलेले होते.

मग ही घडी विस्कटली कशी? एक कारण कागदाच्याच इतिहासात सापडते. चिंध्यांचा तुटवडा युरोपास फार दिवस जाचत होता. १८०० साली इंग्लंडात मॅथियस कूप्स ह्याने छापील कागदाची शाई काढून त्याचाच पुन्हा कागद करण्याचा हक्क मिळविला. परंतु त्याचा उद्योग अल्पकाळातच बुडाला. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर ह्याने लाकूड दळून लगदा करण्याची रीत बसविली, आणि चिंधीची गरज हळूहळू सरली. आपल्याकडे १९२५ साली बांबूच्या कागदधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. झाडाचा कागद स्वस्त आणि मुबलक. ज्या चिंधीस गिरणीच्या दारी किंमत होती, ती आता केराच्या ढिगात जाऊ लागली. ह्या स्वस्ताईचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकांस नित्य दिसतो: पेशवाईतील चिंध्यांच्या कागदावरील पत्रे दोनशे वर्षांनंतरही हातात धरता येतात, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे बोट लावताच चुरा होतात.

प्रवाहाविरुद्ध एक प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि वर्ध्यास हातकागदाच्या प्रयोगांस चालना मिळाली. त्या कार्यात रमलेले के. बी. जोशी ह्यांनी पुढे पुण्यास हातकागद संस्था उभी केली. १९४० साली तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. कापडाच्या चिंध्यांपासून तेथे होणारा कागद हा कागदीपुऱ्याच्या विद्येचाच वारसा होय.

निवडण्याचा प्रश्न आम्हां कारकुनांस नवा नाही. सरकारी कचेरीत जुने कागद निकालात काढण्यापूर्वी त्यांची छाननी करावी लागते: कायम जतन करावयाचे कोणते, आणि ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाचे कोणते, हे वर्ग ठरलेले आहेत. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने ह्या कामास कायद्याचे बंधनही घातले. २०२१ पासून दर ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून जुन्या फायली व मोडके सामान निकालात काढण्याची मोहीम चालविली गेली, तेव्हा ह्या छाननीचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास आले. छाननी न करता कागद विकले, तर इतिहास वाण्याच्या पुड्यांत जातो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला. त्यातील पानिपतपूर्वीची पत्रे आपणांस वाचावयास मिळाली, कारण ती रद्दीत जाण्याआधी एका जाणत्या माणसाने ती वेगळी ओळखली. उलटपक्षी, काहीच टाकावयाचे नाही असे ठरविले, तर नव्या कागदास कच्चा माल उरणार नाही. जपणे आणि टाकणे ही दोन्ही कामे निवडीनेच साधतात.

आता ह्या विषयातील सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळू. घरात आपण निवड केली नाही, म्हणून ती होत नाही असे नाही. ती दुसरे कोणी तरी करते. रस्त्यावरील कचरापेटीत वाकून, खरकटे, काच आणि रोग्यांच्या पट्ट्या ह्यांतून उघड्या हातांनी कागद वेचणारे लोक आपले टाळलेले काम करीत असतात. पुण्यात ह्या कामात बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतील अनेक दलित समाजातील. १९९० नंतर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्यात काम करू लागल्या, आणि १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिच्या नावाकडे पाहावे: कागद, काच, पत्रा. ही निवडलेल्या मालाची यादीच आहे! त्या स्त्रियांचे म्हणणे साधे होते. कचरा पेटीत मिसळण्यापूर्वीच तो आम्हांस दारात, वेगळा करून द्या. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. कचरापेटीत वाकणारी बाई दारात उभी राहिली. गेल्या पन्नास वर्षांच्या मराठी नागरी इतिहासात ही घटना लहान मानता येणार नाही.

कायदाही त्याच दिशेने चालत आला. १९९६ साली अल्मित्रा पटेल ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातून २००० सालचे कचऱ्याविषयीचे नियम निघाले, आणि २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर टाकली. लखनौसारख्या शहरात दररोज सुमारे दोन हजार टन कचरा निघतो. शहराबाहेर शिवरी येथे वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याचे प्रमाण लाखो टनांच्या घरात गेले होते, आणि तो उपसण्यासाठी यंत्रे लावावी लागली. घरातील दोन मिनिटांचे काम टाळले की, त्याचे असे डोंगर होतात.

तेव्हा घरी करावयाचे ते काय? फार थोडे. स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळ्या टोपलीत असावा. आपल्या देशातील शहरी कचऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग हाच असतो. त्याचे कुंडीत खत होते, आणि ढिगाऱ्यात दडपला गेला तर त्यातून ज्वालाग्राही मिथेन वायू निघतो. कागद कोरडा ठेवावा, कारण तेल व डाळ लागलेला कागद कागदीपुऱ्यासही नको होता आणि आजच्या गिरणीसही नको आहे. चहाच्या कपासारखा आतून प्लास्टिकचा थर असलेला कागद साध्या रद्दीत मिसळू नये. बाटल्या व डबे विसळून द्यावे. काच आणि धातू कितीही वेळा वितळविले तरी त्यांचा कस जात नाही. कागदाचे तसे नाही; प्रत्येक फेरीत त्याचे तंतू आखूड होत जातात, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी होतात. म्हणूनच पहिल्या फेरीचा स्वच्छ कागद खरकट्यात घालविणे हे अधिक मोठे नुकसान होय. फुटकी काच, औषधे, विजेऱ्या, आणि अंगाच्या स्वच्छतेसाठी वापरलेल्या वस्तू निराळ्या बांधून त्यांवर खूण करावी. ती खूण पुढच्या माणसाच्या हातांसाठी असते.

आज आपल्या देशात होणाऱ्या कागदाचा मोठा भाग रद्दीपासूनच होतो, आणि तरीही गिरण्यांस परदेशांतून रद्दी विकत आणावी लागते. इतरांच्या घरचा निवडलेला कागद आपण पैसे देऊन घेतो, आणि आपल्या घरचा भिजवून फेकतो. निशातगंजची गिरणी आता नाही. तिला माल पुरविणारी घरे मात्र शिल्लक आहेत, आणि त्यांतील बहुतेक स्वयंपाकघरांत तांदूळ निवडावयाची सवय अद्याप मोडलेली नाही. तीच सवय केराच्या टोपलीपर्यंत नेली, तर ह्या देशातील कितीतरी हात खरकट्यातून बाहेर येतील.