कोरी गाडी

दोन वर्षांपूर्वी मी आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली. सरकारी कारकून घेतो तशीच, सोसायटीचं कर्ज काढून. शोरूममध्ये नारळ फोडला, हार घातला, किल्लीबरोबर फोटो झाला आणि आत बसल्यावर नजर मीटरवर गेली. ४१ किलोमीटर! कोरी म्हणून पैसे मोजले आणि ही तर आधीच कोणीतरी चालवलेली! विक्रेता मुलगा म्हणाला, "सर, यार्डातून आणली ना." बायको म्हणाली, चला आता. पण आवक क्रमांक जुळला नाही तर ज्याला झोप येत नाही, असा मी माणूस.

रात्री ग्वाल्हेरच्या मावसबहिणीला फोन केला. लग्न होऊन ती लष्करात गेली त्याला पंचवीस वर्षं झाली. (लष्कर म्हणजे सैन्य नव्हे हो! दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे वसलेला हा ग्वाल्हेरचा भाग.) माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अरे, मला आधी विचारायचंस. आमच्या इथे लोक गाडी घ्यायला मेळ्यापर्यंत थांबतात. अर्धा टॅक्स माफ!"

हा मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला. हे माधवराव म्हणजे १८७६ ते १९२५ या काळातले महाराज; केंद्रात रेल्वेमंत्री झाले ते त्यांचे नातू. सुरुवातीला तिथे गुरांचा बाजार मुख्य होता. आता थंडीत मैदानावर गाड्यांच्या रांगा लागतात. मध्य प्रदेश सरकारचा आदेश निघाला की मेळ्यात घेतलेल्या गाडीला रस्ता-करात निम्मी सूट मिळते. अट अशी की विक्रेत्याने ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयाचं व्यापार प्रमाणपत्र घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष दुकान मांडायचं आणि गाडीची नोंदणीही तिथेच व्हायची. म्हणजे कारखान्यातून निघालेली गाडी एका सरकारी आदेशापायी जत्रेच्या मैदानात येऊन उभी राहते! आदेशाच्या एका ओळीत केवढं बळ असतं ते आम्हा कारकुनांना वेगळं सांगायला नको.

महाराजांना मेळ्याइतकंच चाकांचं वेड होतं. त्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, हे आपण ऐकलेलं असतं. त्यांच्या वडिलांनी, जयाजीरावांनी, आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी १८७२ मध्ये ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. तो मार्ग १८८१ मध्ये सुरू झाला. मुलाने राज्यात दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे काढली. ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट या ग्वाल्हेरच्या कंपनीच्या बस तर १९४८ पर्यंत खुद्द दिल्लीत धावत होत्या. अपुऱ्या पडतात म्हणून केंद्र सरकारने ती सेवा आपल्या हाती घेतली.

पण माझ्या ४१ किलोमीटरचं उत्तर मला मिळालं ते महाराजांच्या एका मोटारीत. 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचं नाव. रोल्स-रॉइस. कंपनीचा डर्बीचा कारखाना जुलै १९०८ मध्ये सुरू झाला. त्याआधी गाड्या मँचेस्टरला बनत. तेव्हाची रीत आजच्याहून वेगळी होती. कारखाना फक्त चॅसिस बनवी, म्हणजे चाकं, इंजिन आणि सांगाडा. वरचा साज दुसरा कारागीर चढवी, मग गाडी बोटीत. ही गाडी मुंबईला उतरली तेव्हा इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवरचं हे यंत्र आपल्याकडच्या धुळीत आणि चढणीत टिकेल का, ही गिऱ्हाइकाची रास्त शंका होती. म्हणून १९०८ मध्ये तिला मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरवलं. सुमारे ६२० मैल, वाटेत सहा घाट. डांबर नाही, वाटेत पेट्रोलपंप नाहीत, आणि बैलगाड्यांची चाकोरी खोल रुतलेली. गाडी बिनतक्रार पार पडली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली.

गंमत बघा. सहाशे वीस मैल पळालेली म्हणून महाराजांनी ती घेतली, आणि मी एक्केचाळीस किलोमीटरवरून रात्र जागवली!

लहानपणी फोंड्याच्या रस्त्यावर मी ट्रकच्या उघड्या चॅसिस जाताना पाहिल्या आहेत. टप नाही, दार नाही. चालक फळीवर बसलेला, डोक्याला मफलर, डोळ्यांना गॉगल, तोंडावर धूळ. आमच्या सत्तरीत भुईपालला बसची बॉडी बांधण्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे गोंयकाराला चॅसिस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गाडी पोचवली की हे चालक पिशवी खांद्याला मारून एसटीने किंवा रेल्वेने परत जात. हजारो मैल नव्या गाड्या चालवल्या, पण त्यातली एकही त्यांची नव्हती. रोल्स-रॉइसचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. यांचा कोणी लिहिला?

मोटारींची तऱ्हा आता न्यारी. कारखान्याच्या आवारातून लांबलचक दुमजली ट्रेलरवर गाड्या चढवतात, चाकं पट्ट्यांनी आवळतात. मानेसरहून ग्वाल्हेरला जाणारा ट्रेलर आग्रा, धोलपूर करत चंबळ ओलांडतो. हाच पुढे शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक करत मुंबईला येणारा जुना आग्रा रोड. रेल्वेनेही गाड्या जातात. जुन्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बुजवून, टोकाला दारं करून रेल्वेने त्यांचे मोटारी वाहणारे डबे बनवले; आता खास दुमजली वाघिणीही आहेत आणि एका गाडीत तीनशेहून अधिक मोटारी मावतात. मारुतीच्या हंसलपूर कारखान्यात मार्च २०२४ मध्ये आणि मानेसरला जून २०२५ मध्ये थेट आतपर्यंत रूळ आले. आपली कोकण रेल्वे मात्र १९९९ पासून कोलाड ते वेर्णे आख्खे ट्रक वाहते आहे. असो.

विक्रेत्याने मोटारीचे पैसे बहुधा बँकेच्या कर्जातून आधीच भरलेले असतात. ती यार्डात उभी राहील तितकं व्याज चढतं. म्हणून घाई. आणि शेवटचा टप्पा? चार दिवसांनी मी शोरूममध्ये परत गेलो. एका वयस्क कर्मचाऱ्याने समजावलं, ट्रेलर शहरातल्या गल्लीत वळत नाही, म्हणून बाहेरच्या यार्डातून मोटार चालवतच आणावी लागते. "तुमची मीच आणली, साहेब. पावसात," असंही तो म्हणाला.

मी त्याला पेढे द्यायचे विसरलो होतो, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. मावसबहिणीने पुढच्या मेळ्यात गाडी घेतली. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, मीटरवर किती? ती म्हणाली, "बघितलंच नाही रे."