मुंबई बंदरातील तात्पुरत्या साठवण-बांधकामांची परवानगी : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : मुंबई बंदर, पोर्ट ट्रस्ट, गोदाम, तात्पुरते बांधकाम, नियोजन कायदा, १९४४ चा गोदी स्फोट.

प्रस्तावना

बंदराच्या इतिहासलेखनात जहाजे, गोद्या व धक्के यांना जे स्थान लाभले ते मालाच्या साठवणीस क्वचितच लाभले आहे. वास्तविक जहाजातून उतरलेला माल लगेच बाजारात जात नाही व बाजारातून आलेला माल लगेच जहाजात चढत नाही. जकातीची पूर्तता, वाहनाची उपलब्धता, ऋतुमान व बाजारभाव यांमुळे तो किनाऱ्यावर काही काळ थांबतो. या थांबण्यासाठी मांडव, पत्र्याच्या शेड, ताडपत्रीखालील थप्प्या, वखारी व गोदामे निर्माण होतात. त्यांपैकी अनेक 'तात्पुरत्या' म्हणून उभ्या राहतात आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

प्रस्तुत निबंधात मुंबई बंदराच्या संदर्भात या तात्पुरतेपणाचा विचार केला आहे. अशा बांधकामास परवानगी कोणी द्यावयाची आणि देताना काय तपासावयाचे, हे त्यातील मध्यवर्ती प्रश्न होत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबई बंदरातील तात्पुरत्या साठवणीचे बदलते स्वरूप पाहणे.
२) परवानगी देणाऱ्या यंत्रणेचा विकास तपासणे.
३) साठवणीच्या जागेचा कालावधी आणि साठवलेल्या मालाचा धोका यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

ऋतू आणि मोकळी जागा

मुंबईत तात्पुरत्या बांधकामावर प्रारंभी नियंत्रण होते ते लष्करी गरजेचे आणि पावसाळ्याचे. १८०३ च्या मोठ्या आगीत कोटातील वस्तीचा बराच भाग जळाला. त्यानंतर कोटाबाहेरील एस्प्लनेडचे मैदान अधिक विस्तृत व मोकळे ठेवण्यात आले. या मैदानावर उन्हाळ्यात तंबू व कामचलाऊ बंगले उभारू दिले जात. मात्र पावसाळा येण्यापूर्वी ते काढून घ्यावे लागत. येथे 'तात्पुरते' या शब्दाला निश्चित अर्थ होता. मुदत आकाशानेच ठरविलेली होती.

बंदरावरील मालाला हा नियम लागू पडणे अवघड होते. पावसाळ्यात शिडाच्या गलबतांची ये-जा बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा सुरू होई. हंगाम चुकलेला माल त्यामुळे किनाऱ्यावरच अडकून पडे. म्हणजे ज्या ऋतूत मैदानावरील तंबू निघत, त्याच ऋतूत बंदरावर आडोशाची गरज वाढे.

कापसाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाच्या गाठी कोटातच, सेंट थॉमस चर्चसमोरील हिरवळीवर उघड्यावर रचल्या जात. 'कॉटन ग्रीन' हे नाव तेथून आले. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्यास हलविण्यात आला. पुढे माझगाव-शिवडी भरावाने नवी जमीन उपलब्ध झाल्यावर, १९२० च्या दशकात, कापसासाठी शिवडीच्या बाजूस स्वतंत्र गोदामे उभी राहिली. आजही हार्बर मार्गावरील स्थानक तेच नाव सांगते. मैदानावरील मोकळ्या रचनेपासून योजनाबद्ध गोदामांपर्यंत पोहोचण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

पोर्ट ट्रस्ट : जमीनमालक आणि नियामक

१८७० पूर्वी मुंबईचा पूर्व किनारा अनेक हातांत विभागलेला होता. भाऊच्या धक्क्याला ज्यांचे नाव मिळाले त्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांच्यासारख्या उद्योजकांनी भराव घालून धक्के बांधले. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भरावाचे मोठे काम केले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि किनाऱ्यावरील प्रत्येक वाव जागेचे मोल वाढले. सरकारने १८७० मध्ये या कंपनीची मालमत्ता विकत घेतली व १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये व अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाले.

या व्यवस्थेने साठवणीचे दोन प्रकार पाडले. धक्क्यालगतच्या शेडमध्ये माल थोडे दिवस थांबे आणि सवलतीचे दिवस संपताच त्यावर डेमरेज चढे. दीर्घ मुदतीचा माल मागील बाजूच्या गोदामांत जाई. मालाच्या मुक्कामाला अशा रीतीने शिस्त लागली. पुढे मेजर पोर्ट ट्रस्ट कायदा, १९६३ मध्येही, शुल्क न भरल्यास दोन महिन्यांनंतर माल विकण्याचा अधिकार विश्वस्तांना होता. माल किती दिवस राहील याचे घड्याळ अचूक होते. ज्या शेडमध्ये तो राहिला ती शेड किती दिवस राहील, याचे घड्याळ मात्र तितके अचूक नव्हते.

ट्रस्टने आपल्या जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांबरोबरच मासिक भाडेकरारावर व पंधरा महिन्यांच्या पट्ट्यावरही दिल्या. कागदावर अल्पकालीन असलेली ही भोगवट्याची रूपे प्रत्यक्षात दशकानुदशके चालू राहिली. त्यांतील भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००४ मध्ये त्यावर निर्णय झाला. वाद भाड्याचा होता. कोणत्या शेडमध्ये काय ठेवले आहे हा त्याचा विषय नव्हता.

महानगरपालिकेच्या बाजूने पाहता १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा लक्षणीय आहे. त्यातील 'इमारत' या संज्ञेत घराबरोबर शेड व झोपडीही येते, मग ती दगडाची, विटांची, लाकडाची, मातीची वा धातूची असो. बांधकामाचा कच्चेपणा ही सबब कायद्याने तेव्हाच नाकारली होती. सदर कायद्याच्या कलम ३९४ अन्वये धोकादायक वस्तूंच्या साठ्यासाठी स्वतंत्र परवान्याची तरतूद आहे. म्हणजे बांधकाम आणि त्यातील माल यांची तपासणी दोन वेगळ्या वाटांनी होऊ लागली.

मालानुसार जागा वेगळी करण्याचे शहाणपण बंदराला नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. कोळसा बंदर, लकडी बंदर, गवतासाठीचे हे बंदर, टँक बंदर, दारूखाना ही पूर्व किनाऱ्यावरील नावेच त्याची साक्ष देतात. १८९६ मध्ये प्लेगचा पहिला उद्रेक मांडवीच्या धान्यगोदामांच्या परिसरात झाला, तेव्हा साठवण आणि वस्ती यांच्या निकटतेची किंमत शहराने अनुभवली होती.

१४ एप्रिल १९४४

या शहाणपणाचा विसर युद्धकाळात पडला. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज सुमारे १४०० टन स्फोटके घेऊन इंग्लंडहून निघाले. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे ८७०० गाठी चढविण्यात आल्या. १२ एप्रिल रोजी ते मुंबईत आले व व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. शांततेच्या काळात स्फोटके असलेल्या जहाजास गोदीच्या आत आणण्यावर निर्बंध होते. युद्धाच्या निकडीत ते शिथिल झाले होते. १४ एप्रिलच्या दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. शेकडो गोदी कामगार व नागरिक प्राणास मुकले. धक्क्यावरील शेड, धान्याचे साठे व मांडवीच्या बाजूची गोदामे जळाली. हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो.

या घटनेकडे बहुधा युद्धकालीन अपघात म्हणून पाहिले जाते. साठवणीच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळी बाब समोर येते. जहाजाची खोळ ही त्या दोन दिवसांपुरती एक तात्पुरती वखारच होती. तिचा कालावधी अत्यल्प होता. कापूस व स्फोटके यांचे सान्निध्य मात्र घातक होते. ज्या मालासाठी शिवडीला स्वतंत्र गोदामे बांधली गेली होती, तोच माल येथे दारूगोळ्याच्या शेजारी ठेवला गेला. निकडीच्या नावाखाली दिलेल्या मुभेने अनेक दशकांचे विलगीकरण काही तासांत निरर्थक ठरविले.

'तात्पुरते' ठरविण्याचा अधिकार

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ ने 'विकास' या संज्ञेत बांधकामाबरोबर जमिनीच्या वापरातील बदलही समाविष्ट केला. त्यामुळे भिंत न बांधता केलेली साठवणही नियोजनाच्या कक्षेत येऊ शकते. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार अनधिकृत तात्पुरता विकास पंधरा दिवसांत काढण्याचा आदेश नियोजन प्राधिकरण देऊ शकते. तात्पुरता विकास कशाला म्हणावे याविषयी मात्र प्राधिकरणाचाच निर्णय अंतिम मानला आहे. हा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती परवानगीची किल्ली आहे.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने किनारपट्टीत घातक पदार्थांची हाताळणी व साठवण निषिद्ध केली. तथापि बंदरक्षेत्रात जहाजातून बंदरात व बंदरातून जहाजात होणाऱ्या त्यांच्या हस्तांतरणास अपवाद ठेवला. हस्तांतरण कोठे संपते आणि साठवण कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरतो.

२०१८ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टला सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. पुढे मेजर पोर्ट ऑथॉरिटीज कायदा, २०२१ ने बंदर मंडळास स्वतःचा बृहत् आराखडा करण्याचा अधिकार दिला व स्थानिक नियमांशी विरोध आल्यास बंदराचा आराखडाच वरचढ राहील असे ठरविले. बंदराच्या कार्यक्षमतेसाठी अशा एकहाती अधिकाराचे समर्थन करता येते. दहा कार्यालयांच्या फेऱ्यांत माल धक्क्यावर खोळंबून राहणे हेही धोक्याचेच आहे. परंतु जमीनमालक, भाडे घेणारा, नियोजक आणि परवानगी देणारा एकच झाल्यावर त्याला बाहेरून विचारणारे कोणी उरते का, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित करणे आवश्यक आहे.

बैरूतचा अनुभव येथे दुर्लक्षून चालणार नाही. तेथील बंदरात सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून एका गोदामात पडून होते. अडकलेल्या जहाजावरील तो माल विल्हेवाट लागेपर्यंत ठेवलेला होता. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. गोदाम पक्के होते. तात्पुरता होता तो फक्त निर्णय.

निष्कर्ष

१) मुंबई बंदरात साठवणीच्या परवानगीचा भर प्रामुख्याने जमिनीचा ताबा, बांधकाम व कालावधी यांवर राहिला, मालाचा प्रकार व शेजार यांची तपासणी वेगळ्या यंत्रणेकडे गेली.
२) १९४४ च्या दुर्घटनेने अल्पकालीन साठवणही दीर्घकालीन साठवणीइतकीच संहारक असू शकते हे सिद्ध केले. 'थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे' हे कारण परवानगीसाठी पुरेसे मानता येत नाही.
३) २०१८ व २०२१ च्या बदलांनंतर बंदर प्राधिकरणाची जबाबदारी वाढली आहे. प्रत्येक तात्पुरत्या साठवण-बांधकामाची मुदत, त्यातील माल व लगतचा माल यांची एकत्रित नोंदवही सर्वांना पाहावयास खुली असावी, असे या अभ्यासावरून सुचवावेसे वाटते.

पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाची चर्चा जमिनीचे मोल आणि मोकळ्या जागा यांभोवती फिरते. त्या किनाऱ्यावर माथाडी, गोदी कामगार, मच्छीमार आणि गोदामांना खेटून राहणारी वस्तीही आहे. शेजारच्या शेडमध्ये काय ठेवले आहे आणि ते केव्हा हलणार आहे, हे जाणून घेण्याचा त्यांचा अधिकार मान्य झाल्याशिवाय नियोजनाची परवानगी पूर्णार्थाने परवानगी ठरत नाही.