वारा पडल्यावर आंग्र्यांची गुराब कशी चाले?

कोकण किनाऱ्यावर मतलई वारा थांबतो आणि खारा वारा सुटतो, त्या दोहोंच्या मध्ये समुद्र काही वेळ निपचित पडतो. अशा वेळी शिडांवर चालणारे जहाज कितीही मोठे असले तरी हतबल होते. आंग्र्यांचे आरमार मात्र तेव्हाही चाल करून येई.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात या ताफ्याचे वर्णन केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची. गलबत मोठ्यात मोठे ७० टनांच्या आसपास. त्याला ४०-५० वल्ही आणि वेग ताशी ४ मैल. वारा पडला की ही गलबते गुराबांना ओढून नेत.

७० टनांनी ३०० टनांना ओढावे? जमिनीवर हे अशक्यप्राय ठरले असते. पण तरंगणाऱ्या वस्तूचा सारा भार पाणी पेलते. ओढणाऱ्याला फक्त पाण्याच्या विरोधावर मात करायची असते. मंद वेगात हा विरोध मुख्यतः बुडालेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो; म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

आता हिशेब करून पाहू. गलबताची बांधणी गुराबेसारखीच होती असे ऑर्म सांगतो, म्हणून दोघांचा आकार सारखा धरता येईल. गुराब सुमारे ४.३ पट मोठी, म्हणजे तिचा बुडालेला पृष्ठभाग २.६ पट. त्यात गलबताचा स्वतःचा विरोध मिळवला की एकूण ३.६ पट. वल्हेकऱ्यांची शक्ती तीच राहिली, तर वेग ३.६ च्या घनमुळाने, म्हणजे सुमारे दीडपटीने घटेल. ४ मैलांचे २.६ मैल! दोन गलबते जोडली तर ताशी ३ मैल. (प्रत्यक्षात वल्ह्यांची थोडी शक्ती वाया जाईल, पण चित्र पालटत नाही.)

ताशी अडीच मैल हा पायी चालणाऱ्यापेक्षाही कमी वेग. पण समोरचे जहाज जागचे हलतच नव्हते. त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना, आणि वाऱ्याविना कूस वळवता येत नाही. होड्या उतरवून जहाजाचे तोंड फिरवता येई. मात्र त्यासाठी माणसे तोफांवरून काढावी लागत. आंग्र्यांच्या गुराबा नेमक्या त्याच्या पिछाडीला जमत आणि नाळेवरच्या ९ किंवा १२ पौंडी तोफांनी आधी डोलकाठ्यांचा वेध घेत.

इंग्रजी कागदपत्रांनी आंग्र्यांना सरसकट चाचे ठरवले. ऑर्मचेच वर्णन नीट वाचले तर मात्र त्यात वारा, वल्ही आणि तोफा यांचा चोख मेळ घालणारी युद्धपद्धती दिसते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांच्या गुराबा जळाल्या, तेव्हा त्या एकमेकींना बांधून नांगरलेल्या होत्या. उघड्या समुद्रात, पडलेल्या वाऱ्यात, ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांशी त्यांची गाठ पडलीच नाही.