सशांनी घातलेले कोडे

मधुमेही माणसांत रोहिण्यांचा विकार लवकर आणि अधिक प्रमाणात होतो. मग मधुमेही सशांच्या रोहिण्या बऱ्याच स्वच्छ का राहिल्या? या कोड्याचा उलगडा व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचला. पुढे १९४३ मध्ये ग्लासगो येथे आढळले, की ॲलोक्झान हे रसायन टोचल्यास सशाच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात. म्हणजे सशाला मधुमेही करण्याचा मार्ग सापडला.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील डफ आणि मॅकमिलन यांनी हे दोन्ही प्रयोग एकत्र केले. मधुमेही सशांना कोलेस्टेरॉल दिल्यावर विकार वाढेल, अशी आपली अपेक्षा. १९४९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष उलटा होता : रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर, पण रोहिण्यांत मेद फारच कमी! १९५४ मध्ये डफ यांच्या गटाने अशा सशांना इन्शुलिन दिले, तर विकार परत आला.

मग इन्शुलिन घातक म्हणायचे का? थांबा. मेद रक्तात सुटा फिरत नाही. प्रथिनांबरोबर त्याचे बारीक कण बनतात. हेच लिपोप्रोटीन. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान अपकेंद्री यंत्राने हे कण वेगवेगळे केले. सर्व कण सारखे नसतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

शरीरातील एक विकर मोठ्या कणांतील मेद फोडून त्यांना लहान करते. या विकराला इन्शुलिनची मदत लागते. इन्शुलिन नसलेल्या सशांच्या रक्तात म्हणूनच अवाढव्य कण साचले. १९८८ मध्ये डेन्मार्कचे नॉर्डेस्टगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हे कण रोहिणीच्या भिंतीत शिरूच शकत नाहीत. चाळणीतून रवा खाली पडतो, खडे वर राहतात, तसेच हे. इन्शुलिन मिळताच कण लहान झाले आणि आहारातले कोलेस्टेरॉल घेऊन भिंतीत शिरले. दोष त्या आहाराचा होता.

माणसांचे काय? अमेरिका व कॅनडातील इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या १४४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. त्यांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला. २००५ मध्ये दिसले, की इन्शुलिनने साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्या गटात हृदय व रोहिण्यांच्या विकाराच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. सशांवरून घाईने निष्कर्ष काढून कोणी इन्शुलिन बंद केले असते, तर प्राणावर बेतले असते.

वर्गात हा इतिहास सांगताना आपण विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला लावू : मोजलेला आकडा नेमके काय सांगतो? आणि प्रयोग कोणत्या प्राण्यावर, कोणत्या परिस्थितीत झाला?