दारव्ह्यावरून गेलेली रेघ

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि अशाच एका दुपारी कूलरसमोर बसून मी कुआरी पासचा आराखडा करतो आहे. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वरच्या अंगाला असलेली ही खिंड. वहीत पाच रकाने आखले आहेत : दिवस, कुठून कुठे, अंतर, दिवसातली सर्वांत जास्त उंची, आणि मुक्कामाची उंची. शेवटचा रकाना लाल शाईने आखला आहे. मागच्या वेळी तो नव्हताच.

मागच्या वेळी म्हणजे तीन वर्षांपूर्वी, हिमाचलातल्या एका खिंडीत. मी आणि माझा मेव्हणा. वेळापत्रक मी केले होते. परतीचे रिझर्व्हेशन एक दिवस अलीकडचे मिळाले म्हणून मधला विश्रांतीचा दिवस मीच खोडला होता. यवतमाळच्या माणसाला एक दिवस झोपून काढायला हिमालयात कशाला जायचे, असा माझा त्यावेळचा हिशेब. खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर रात्री मेव्हण्याला उलट्या सुरू झाल्या. तंबूबाहेर गेला तो सरळ रेषेत चालू शकेना. वाटाड्याने बॅटरी त्याच्या तोंडावर धरली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, सकाळची वाट बघायची नाही, आत्ता खाली. सात-आठशे मीटर खाली उतरल्यावर, उजाडता उजाडता, त्याने चहा मागितला. खिंड पाहायची राहिली. ते ठीक. पण त्या उतरणीत मी मनातल्या मनात बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, काय सांगायचे याची जुळवाजुळव करत होतो, ते अजून विसरलेलो नाही.

यंदा तोच म्हणाला, "भाऊजी, जाऊ. पण दिवस वाढवा. रिझर्व्हेशन गेलं तं गेलं."

तर दिवस वाढवतो आहे. आणि लाल रकान्यात आकडे भरताना एक साधा प्रश्न पडला. जोशीमठ सुमारे १,९०० मीटर, औली २,८००, ताली ३,३०० च्या वर, खिंड कुणी ३,६५० म्हणतो, कुणी ३,८००. हे आकडे मुळात आले कुठून? समुद्र तिथून हजार किलोमीटरहून दूर. कुणी आणि कशाने मोजली ही उंची? शोधत गेलो आणि पोचलो कुठे, तर दारव्हा-दिग्रसला.

विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी जमिनीवर साखळ्या अंथरून एक सरळ रेघ मोजायला बसला. त्या एका मोजलेल्या रेघेवर त्रिकोण उभा करायचा, त्याचे कोन थिओडोलाइटने घ्यायचे, उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्यांतल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण. अशी त्रिकोणांची साखळी पुढे सरकत जाते, आणि उभे कोन घेतले तर उंचीही तिच्याबरोबर समुद्रापासून आत येते. या साखळीचा कणा म्हणजे कन्याकुमारीच्या टोकापासून उत्तरेकडे नेलेली ‘ग्रेट आर्क’. लॅम्बटनला यातून पृथ्वीचा आकार काढायचा होता. कंपनीला नकाशे हवे होते. दोघांचे जमले.

आता गंमत बघा. बीदरच्या बाजूचे दमरगिड्डा आणि एलिचपूरजवळचे, म्हणजे आजच्या अचलपूरकडचे, टाकळखेडा ही या कण्यावरची दोन मोठी ठाणी. दोन्ही साधारण ७७ अंश ४० मिनिटे रेखांशावर. नकाशावर या दोन ठाण्यांना जोडणारी पट्टी ठेवली की ती उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा यांना लगटून वर जाते. १८२२ च्या सुमारास हे काम टाकळखेड्यापर्यंत पोचले होते. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. यंत्र अर्धा टन वजनाचे, ते माणसांनी उचलून टेकड्यांवर चढवायचे. आपल्याकडे टेकड्या बेताच्याच, पण सागाचे रान भरपूर. समोरचे ठाणे दिसावे म्हणून झाडे तोडून वाट मोकळी करायची. उन्हाळ्यात धूळ आणि थरथरणारी हवा, काही दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि नंतर हवा स्वच्छ असते, म्हणून मोजणी त्या दिवसांत. आणि जंगलात ताप असतो तोही नेमका त्याच दिवसांत. मोसम निवडण्याची ही अडचण आम्हा ट्रेकवाल्यांना नवी नाही, फक्त आमच्याकडे फार तर ढग येतात. लॅम्बटनचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याची छावणी १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात अशी तापाने आडवी झाली की काही माणसे परतीच्या वाटेतच गेली. एव्हरेस्ट स्वतः वाचला आणि हवापालटाला आफ्रिकेच्या टोकाला गेला. खलाशी, निशाणवाले, भोई यांना असले हवापालट नव्हते. त्यांची नावेही कुठे सापडत नाहीत.

लॅम्बटन मात्र आपल्या शेजारीच गेला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. हैदराबादहून नागपूर गाठायचे तर आधी पैनगंगा आणि मग वर्धा ओलांडावी लागते. या दोन नद्यांमधला मुलूख म्हणजे आमचा पांढरकवडा-वणीचा भाग. हिंगणघाट आमच्याकडच्या माणसांना माहीत आहे ते कापसाच्या बाजारासाठी. तिथल्या थडग्यात हिमालयाच्या मोजणीचा पाया घालणारा माणूस आहे, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

एक नोंद करून ठेवतो, कारण या मोजणीकडे नुसत्या कौतुकाने बघणे बरोबर नाही. सर्वेक्षणाला ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले ते १८१८ च्या जानेवारीत. त्याच वर्षी १७ एप्रिलला पांढरकवड्याकडच्या शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने पळत्या दुसऱ्या बाजीरावाची फौज उधळली. तोफ आणि थिओडोलाइट एकाच पट्ट्यातून पाठोपाठ गेले आहेत.

लॅम्बटननंतर एव्हरेस्टने साखळी सिरोंजच्या पुढे, डेहराडूनपर्यंत नेली. १८४१ मध्ये कणा पुरा झाला. त्याला जोडलेल्या त्रिकोणांवरून, हिमालयात पाऊल न ठेवता, तराईतून शिखरांच्या उंच्या काढल्या गेल्या. राधानाथ सिकदरांचे गणित आणि २९,००२ फुटांचे शिखर ही पुढची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मला त्यात रस एवढाच की तो आकडा ज्या साखळीने वर गेला, तिच्या काही कड्या आमच्या जिल्ह्यात आहेत. यवतमाळ शहराच्या आणि डेहराडूनच्या रेखांशात तर फरकच नगण्य. घराच्या गच्चीवरून उत्तरेला तोंड करून सरळ चालत सुटलो तर अकराशे किलोमीटरवर मी डेहराडूनच्या आसपास निघेन.

पण शिखरे दुरून मोजता येतात, खिंडी नाही. खिंड डोंगराच्या कुशीत लपलेली असते. तिथे पायीच जावे लागते, आणि पलीकडे कुणाचे तरी राज्य असते.

मी जी वाट आखतो आहे, तिच्या खालच्या दरीतून १८१२ साली दोन ‘गोसावी’ गेले. मायापुरी आणि हरगिरी. खरे म्हणजे विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीचा प्रमुख असलेला जनावरांचा डॉक्टर, आणि त्याचा सोबती हैदर यंग हिअर्सी. त्यांना पश्मिन्याच्या बकऱ्या आणि घोडे हवे होते. वेष गोसाव्याचा का? कारण गोसावी तेव्हा नुसते भिक्षेकरी नव्हते. मठ, सावकारी, लांब पल्ल्याचा व्यापार, सगळे त्यांच्याकडे असे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातल्या मोठ्या पेढ्यांमध्ये गोसाव्यांच्या पेढ्या होत्या. कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही खिंडीत गोसावी दिसला तर कुणाला नवल वाटत नसे. त्यांच्याबरोबरच्या हरखदेव पंडितांना एकच काम होते : सगळा रस्ता चार फुटांची एकेक टांग टाकत मोजायचा. अंतराचा रकाना आधी असा भरला गेला.

जोशीमठच्या पुढे मलारी, मग नीती गाव. तिथे त्यांना अडवले. पलीकडच्या तिबेटी अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत पुढे जाता येणार नाही, म्हणून बरेच दिवस तिथेच बसून राहावे लागले. मूरक्रॉफ्ट वैतागला होता. आता नीती गावाची उंची बघा, साधारण ३,६०० मीटर. आणि पुढची खिंड पाच हजारांच्या वर. त्या काळी उंचीवर विरळ हवेत शरीर हळूहळू तयार होते हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हते. पहाडी लोक ‘विष की हवा’ म्हणत आणि दोष फुलांच्या किंवा मुळ्यांच्या वासाला देत. खिंडीत मूरक्रॉफ्टला धाप लागलीच, पण तो पार झाला, मानसरोवराला जाऊन आला. माझा अंदाज असा की नीतीच्या पंचांनी रोखून धरलेल्या त्या दिवसांनीच त्याला वाचवले. ज्या दिवसांना तो फुकट गेलेले म्हणत होता, तेच नेमके मी वहीतून खोडले होते. हा माझा तर्क आहे, पण वहीसमोर बसून तो मला फार पटतो.

कारण कळायला १८७८ साल उजाडले. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने दाखवले की दोष फुलांचा नाही, हवेतल्या प्राणवायूचा दाब कमी पडण्याचा आहे. आज सर्वसाधारण नियम असा : तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. दिवसा कितीही चढा. झोपता कुठे ते मोजले जाते. म्हणून लाल शाई.

मोजणीचा पुढचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. जोहार खोऱ्यातल्या मिलमचे नैनसिंह रावत यांना १८६३ पासून डेहराडूनला पावले मोजायला शिकवले. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. उंची ते कशी काढत? पाणी उकळून. वर जाऊ तसे पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण तीनशे मीटरमागे एक अंश. थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवायचा, आकडा टिपायचा. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

हे वाचले आणि मागच्या ट्रेकमधली तुरीची डाळ आठवली. ती शिजेचना. आम्ही घरून हौसेने आमच्या शेतातली डाळ नेली होती, दीड तास उकळली तरी दाणा दातात कचकच वाजे. मेव्हणा म्हणाला, डाळच जुनी आहे. डाळ बिचारी चांगली होती. ३,८०० मीटरवर पाणी ८७-८८ अंशांना उकळायला लागते, त्यात तूर काय शिजणार! नैनसिंहांनी ज्या गोष्टीवरून उंची ओळखली असती, तीच आमच्या पातेल्यात घडत होती आणि आम्ही दुकानदाराला शिव्या देत होतो. यंदा मूगडाळ आणि छोटा कुकर, असे वहीत लिहिले आहे.

कुआरी खिंडीतून गेलेल्या नामवंतांत एरिक शिप्टन आणि बिल टिलमन आहेत. १९३४ च्या मे महिन्यात, तीन शेर्पांना घेऊन, नंदादेवीच्या आतल्या खोऱ्याची वाट शोधायला. मोहिमेचा आराखडा पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावला पाहिजे, हे या जोडगोळीच्या नावावर सांगितले जाते आणि आमच्यातले आळशी लोक ते फार प्रेमाने सांगतात. पण याच दोघांनी माणशी दिवसाला दोन पौंड अन्न असा तोलून हिशेब धरला होता, हे कुणी सांगत नाही. पाकीट लहान होते, हिशेब लहान नव्हता. आणि त्यांच्याही आधी, शतकानुशतके, खालच्या नीती खोऱ्यातले भोटिया व्यापारी मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य लादून वर जात आणि मीठ-लोकर घेऊन परतत. बर्फ कधी वितळेल, कुठे थांबायचे, कधी उतरायचे, सगळे त्यांच्या वर्षाच्या चक्रात बसवलेले. १९६२ च्या युद्धाने ती वाट बंद झाली.

हा प्रदेश स्थिर नाही, हेही आराखड्यात धरावे लागते. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषीगंगा आणि धौलीगंगेला आलेल्या लोंढ्यात रैणी-तपोवनकडे दोनशेच्या वर माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या. जिथून चढायला सुरुवात करायची ते गावच सरकते आहे. म्हणून एक दिवस शरीरासाठी आणि एक दिवस रस्त्यासाठी, असे दोन जादा दिवस धरले आहेत. यवतमाळहून बसने नागपूर, तिथून दिल्ली, हरिद्वार, आणि पुढचे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर डोंगरी रस्त्याचे. जंगल खात्याची परवानगी आणि डॉक्टरचा दाखला.

मोसम ऑक्टोबर. पावसानंतरची स्वच्छ हवा, लॅम्बटनला हवी असायची तशी. कापूस वेचणीला आलेला असेल, मेव्हण्याला तेव्हा निघणे जड आहे. त्याने घरी बोलून ठेवले आहे.

वही मी त्याला दाखवली. त्याने बाकीचे रकाने पाहिलेच नाहीत, लाल रकान्यावर बोट ठेवून खाली खाली गेला. जोशीमठ, जोशीमठ, औली, गुरसों, ताली, ताली.

"ताली दोनदा काऊन?" त्याने विचारले.

"एक दिवस तिथे बसून राहायचे आहे."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

त्याने वही मिटली आणि रिझर्व्हेशनच्या तारखा विचारल्या.