ट्यूलिपचा कंद आणि हॉलंडचा सट्टा



मातीत पुरलेला कंद, तो उकरून न पाहता, एखाद्या घराच्या किमतीला कोणी विकत घेईल काय? सतराव्या शतकात हॉलंडमध्ये नेमके हेच घडले. तो कंद होता ट्यूलिपचा.

ट्यूलिप मूळचे मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखाचे. तुर्कांनी ते बागांतून वाढवले आणि तेथून सोळाव्या शतकात ते युरोपात गेले. १५९३ साली क्लुसिअस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ लायडन विद्यापीठाच्या बागेत आला. त्याने लावलेले कंद १५९४ च्या वसंतात फुलले.

पुढची हकीकत कळायला या पिकाची रीत आधी समजून घेतली पाहिजे. हिवाळ्याच्या तोंडावर, निचऱ्याच्या जमिनीत, कंदाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट खोल, शेंडा वर करून तो लावतात. दोनतीन महिने कडक थंडी लागल्याखेरीज फूल नीट धरत नाही. फूल गेले तरी हिरवी पाने कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षाचे अन्न तीच कंदात भरतात. पाने पिवळी पडली की, जूनच्या सुमारास, कंद काढून कोरड्या जागी ठेवतात. बी पेरले तर फुलाला पाचसात वर्षे लागतात; म्हणून मूळ कंदाला फुटलेली पिल्लेच लावतात.

म्हणजे कंद हातात असतो तो उन्हाळ्यात. लोकांना मात्र तेवढा धीर निघेना. १६३६ च्या हिवाळ्यात जमिनीतल्या कंदांचे व्यवहार नुसत्या चिठ्ठ्यांवर होऊ लागले. एकाने घेतलेली चिठ्ठी दुसरा चढ्या भावाने घेई, तिसरा त्याहून चढ्या. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेम गावी गिऱ्हाईक मिळेना, आणि भाव कोसळले. सारा देश बुडाला असे सांगतात, ते तिखटमीठ लावलेले आहे. जुनी दप्तरे तपासता नुकसान थोड्यांचेच झालेले दिसते. पण माणसाच्या शब्दावरचा विश्वास उडाला. अखेर १६३८ साली हार्लेमच्या नगरसभेने किमतीच्या साडेतीन टक्के भरून करार मोडायला मुभा दिली.

खरी गंमत पुढेच आहे. सर्वांत महाग कंद होते ते पट्टेदार, ज्वाळांसारख्या रंगांच्या फुलांचे. ते पट्टे कशाने येतात, हे १९२८ मध्ये इंग्लंडात डोरोथी केली या संशोधिकेने प्रयोगाने दाखवले. तो होता रोग! त्याचे विषाणू मावा पसरवतो. रोगट कंद अशक्त होतो, त्याला पिल्ले कमी फुटतात. म्हणून तो दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून महाग. लोक रोगालाच मोल देत होते.

गुरुजी, वर्गात एक कांदा उभा चिरून दाखवा. मांसल पापुद्र्यांतला अन्नसाठा आणि मधला कोंब मुलांना दिसेल; ट्यूलिपची रचनाही बरीचशी अशीच असते. आणि शेतकरी मित्रांनो, बेणे घेताना दलालाच्या तोंडचा भाव ऐकण्याआधी कंद हातात घेऊन दाबून पाहा. तो टणक आहे ना, डागी नाही ना, आणि ज्या झाडाचा आहे ते निरोगी होते ना, एवढे विचारून मगच पैसे मोजा.