लहरींवरील स्थित्यंतरे

विदर्भातील श्रोत्यांना नभोवाणी म्हणजे दीर्घकाळ आकाशवाणीच होय. १९५७ साली आरंभ झालेल्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती ऐकू येऊ लागल्या. तथापि केंद्राचे अस्तित्व जाहिरातीवर अवलंबून नव्हते; त्यामागे शासनाचा आधार होता.

खासगी एफएमला हा आधार नव्हता. त्याचे बोलके उदाहरण मुंबईत घडले. २००२ मध्ये 'मिड-डे' समूहाने 'गो ९२.५' हे केंद्र सुरू केले. चित्रपटगीतांची प्रचलित वाट सोडून त्याने इंग्रजी संगीत व संवाद यांचा स्वीकार केला. श्रोतृवर्ग साहजिकच मर्यादित राहिला. परवाना शुल्क मात्र दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढे. उत्पन्न वाढो अथवा न वाढो. २००५ च्या धोरणाने ही अट बदलून उत्पन्नातील ४ टक्के वाटा ठरविला. भार हलका झाला, पण स्पर्धाही वाढली. केंद्र 'रेडिओ वन' या नावाने हिंदी चित्रपटगीतांकडे वळले आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजीकडे परतले.

ज्याचा खर्च जाहिरातदार उचलतो, त्याचा सूरही बाजारच ठरवितो. म्हणूनच २००६ मध्ये नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे द्वार खुले झाले, हे महत्त्वाचे. शेती, आरोग्य आणि वऱ्हाडी बोली यांना हक्काचे स्थान हवे असेल, तर बुलढाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात समाजालाच त्याचा भार उचलावा लागेल.